चौगुलेबाई आणि सहा नणंदांची बॅटरी

चौगुलेबाई कुठल्याही वस्तूला पहिला हात लावायच्या तो उलटा. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू. दाराची मूठ असो, तव्यावरून उतरलेली भाकरी असो, की ताप आलेल्या नातीचं कपाळ असो, आधी हाताची पाठ टेकवून बघायची आणि मगच हात सुलटा करायचा. गडहिंग्लजच्या आयटीआयमध्ये त्यांनी तीस वर्षं वायरमनचा वर्ग शिकवला होता. वस्तूत करंट असला तर सुलट्या हाताची बोटं आवळतात आणि माणूस तिथंच चिकटतो, उलटा हात मात्र आपोआप मागे येतो, हे त्यांनी इतक्या पोरांना इतक्या वेळा सांगितलं होतं की निवृत्तीनंतरही हात काही ऐकेना.

आयर्लंडात, ल्यूकनमध्ये, ह्याचा फार घोळ झाला. आयरिश माणूस भेटला की हात पुढे करतो. बाई त्या हाताला आधी आपल्या हाताची पाठ लावायच्या, क्षणभर थांबायच्या, धोका नाही अशी खात्री पटली की मग हस्तांदोलन करायच्या. आमच्या वसाहतीतल्या लोकांनी ठरवून टाकलं की ही हिंदूंची नमस्काराची पद्धत असणार. डिसेंबरपर्यंत आमचा पोस्टमन मलाही उलटा हात लावायला लागला होता. मी पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. तेरा वर्षं इथं राहून एकही सवय मी कुणाला लावू शकलेलो नाही.

बाईंचा दुसरा हात कायम पाठीमागे असायचा. "दोन्ही हात लावलास की करंट छातीतनं जातोय," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्या कणीकही एका हाताने मळायच्या आणि शेजाऱ्याच्या कुत्र्यालाही एकाच हाताने गोंजारायच्या. अंगावर साडी, साडीवर जावयाचं जुनं जॅकेट, पायांत जाड रबरी तळव्यांचे बूट. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं स्वतःबद्दल "मी येतो, मी करतो" असंच बोलायच्या. एकंदरीत तपासणीला आलेले साहेब वाटायच्या.

त्या आल्या ऑक्टोबरमध्ये, नव्वद दिवसांसाठी, आमच्या समोरच्या घरात, मुलीकडे. मुलगी मनीषा चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. तिचा नवरा सचिन माझ्यासारखाच दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा. पहिल्याच आठवड्यात मनीषा कामावर जाताना सांगून गेली, "आई, टॉवेल हॉट प्रेसमध्ये आहेत." इथं कपाटाला प्रेस म्हणतात आणि ज्या कपाटात गरम पाण्याची टाकी असते त्याला हॉट प्रेस. बाईंना वाटलं इस्त्री. घरभर इस्त्री शोधून झाल्यावर त्यांना वरच्या मजल्यावर एका कपाटात चक्क बंब सापडला आणि त्याच्या अंगाखांद्यावर टॉवेल वाळत घातलेले दिसले. बंबापासून कापड लांब ठेवा, हे जिनं तीस वर्षं घसा फोडून सांगितलं, तिला हे बघवणार कसं? सचिन दुपारी घरी आला तेव्हा सासूबाई कपाटात उभ्या होत्या. थर्मोस्टॅटचं झाकण उघडलेलं, एक हात पाठीमागे, तोंडात दोन स्क्रू.

"घाबरू नका जावईबापू, मेन खाली ओढलाय," त्या स्क्रूंच्या फटीतून म्हणाल्या.

त्या संध्याकाळी बाईंचा स्क्रूड्रायव्हर सचिनच्या गाडीच्या डिकीत गेला. मनीषाने समजावलं, "आई, इथं रजिस्टर्ड इलेक्ट्रिशियनशिवाय कुणी हात लावायचा नसतो. इन्शुरन्सचा प्रश्न येतो." ती चूक नव्हती. पण दुसऱ्या दिवशी बाई आमच्याकडे येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पोरगी इंजिनियर झाली नि मला बल्ब बदलू देईना." मग थोड्या वेळाने: "शाळेतनं सुटली की माझ्या वर्गात मागं बसून अभ्यास करायची. मी फळ्यावर काय काढतोय ते एक दिवस मान वर करून बघितलं न्हाई तिनं. आता ह्या नव्वद दिवसांत एकदा बघू दे म्हणतो. एकदाच. आपल्या आईला काय येतंय ते."

बाई असं मनातलं सरळ बोलून टाकायच्या आणि लगेच चहात साखर कमी आहे म्हणायच्या. मला मात्र ते लागलं. मनीषाच मला म्हणाली होती, "आईला दुपारी जरा बाहेर ने रे, घरातलं सगळं उघडून बघते." मी त्यांना माझ्या भाजीच्या तुकड्यावर घेऊन गेलो.

ल्यूकनच्या कडेला एक मोठं शेत आहे. त्याचे लहान लहान तुकडे भाजी लावायला भाड्याने मिळतात. मी तिथं मेथी लावतो आणि ती उगवत नाही. शेजारचा तुकडा नोरीनचा. नोरीन चौऱ्याहत्तर वर्षांची, विधवा, आणि तिच्याकडे सहा कोंबड्या. नवरा गेल्यावर तिने त्याच्या सहा बहिणींची नावं कोंबड्यांना दिली: ब्रीजी, फिलोमिना, कॉन्सेप्टा, असम्प्टा, डिम्फ्ना आणि सर्वांत थोरली सिस्टर मेरी-जोसेफ, ही हयातभर नन होती.

"ह्या कोण म्हणायच्या?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. बाईंनी एकदा कोंबड्यांकडे बघितलं, एकदा त्यांच्याभोवतीच्या जाळीकडे आणि जाळीवर टांगलेल्या विजेच्या धोक्याच्या पाटीकडे. "नणंदा," त्या म्हणाल्या, "आणि चहूबाजूनी करंट सोडलाय." पुढे होऊन त्यांनी नोरीनला आधी उलटा आणि मग सुलटा हात दिला आणि तो बराच वेळ सोडला नाही. बाईंना इंग्रजी येतं ते पाठ्यपुस्तकातलं, नोरीनचं इंग्रजी मलाही धड कळत नाही. पण त्या क्षणापासून दोघींना माझी फारशी गरज उरली नाही.

जाळीतला करंट कोल्ह्यासाठी होता. एक लहानसं यंत्र दर सेकंदाला टिक करून जाळीत झटका सोडायचं. ते यंत्र बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालायचं. शेडच्या छपरावर सोलर पॅनल, आत बॅटरी, आणि दोघांच्या मध्ये भिंतीवर एक निळी डबी, चार्ज कंट्रोलर. गेले काही आठवडे संध्याकाळी अंधारायला लागलं की टिकटिक मंदावायची, आणि कोल्हा कुंपणाबाहेर येऊन बसायचा. कोल्ह्याचं ऐकून बाई म्हणाल्या, "कोल्हापूर जिल्ह्याच्या बाईला कोल्ह्याचं काय सांगतोस." नोरीनने डबीकडे बोट दाखवून 'युअर मॅन' रुसलाय असं काहीतरी सांगितलं. इथं 'युअर मॅन' म्हणजे 'हा बाबा', कुणाही तिऱ्हाइताला म्हणतात. बाईंनी वही काढून लिहिलं: 'कंट्रोलर. कंपनी – युअरमॅन.' ती नोंद त्यांनी शेवटपर्यंत बदलू दिली नाही.

मग पिशवीतून त्यांनी हायड्रोमीटर काढला. काचेची नळी, वर रबरी फुगा, बॅटरीतलं ॲसिड ओढून त्याची ताकद मोजायचं साधन. शेंगदाण्याची चटणी आणि बेसनलाडूंच्या मध्ये साडीत गुंडाळून तो त्यांनी गडहिंग्लजहून आणला होता. मुलीकडे तीन महिने राहायला निघालेली बाई हायड्रोमीटर का घेते, हे मी विचारलं. "तू लॅपटॉप घेत न्हाईस का गावाला जाताना?" त्या म्हणाल्या.

निदान पाच मिनिटांत झालं. बॅटरी पाण्याची होती, झाकणं उघडून पाणी घालायची, आणि कंट्रोलरला कुणीतरी सांगून ठेवलं होतं की बॅटरी सीलबंद आहे. सीलबंद बॅटरीला कमी व्होल्टेजवर थांबवावं लागतं, म्हणून तो बिचारा रोज लवकर हात आखडता घ्यायचा. शिवाय त्याला थंडी कळायची सोय नव्हती. "थंडीत बॅटरीला जास्त लागतंय, नि हा उन्हाळ्याच्या अंदाजानं वाढतोय. रोज अर्ध्या पोटी उठवलंय तिला." पाणी घालायची वेळ आली तेव्हा नोरीनने मोठ्या मनाने चर्चमधून आणलेल्या पवित्र पाण्याची बाटली पुढे केली. बाईंनी ती कपाळाला लावली आणि परत दिली. "तीर्थ माणसाला चालतंय. बॅटरीला न्हाई. क्षार असतात."

ती डबी नेमकं करते काय, असं नोरीनने विचारलं. मी भाषांतराचा प्रयत्न केला आणि तिला झोप यायला लागली. दुसऱ्या दिवशी बाई डबा घेऊन आल्या. पिठलं, भाकरी, भात, तूप. नोरीनला शेडमधल्या मोडक्या खुर्चीत बसवलं, मांडीवर ताट ठेवलं.

"ही बॅटरी," बाई मला म्हणाल्या, "सांग तिला. मी कंट्रोलर. म्हणजे वाढपी."

"आणि सूर्य?"

"सूर्य म्हणजे डबा. मधे बोलू नको."

पहिल्या फेरीला बाईंनी विचारलंच नाही. भाकरी, पिठलं, भाकरी, पिठलं, जेवढं हाताला येईल तेवढं. "भुकेलेल्याला विचारायचं न्हाई. वाढायचं." ताट भरत आल्यावर दुसरी फेरी. आता पळी एका ठरावीक उंचीवर धरली आणि भात घालायचा तो कमी कमी होत गेला. "आता भांडं तेवढंच वर, पण पडायचं थोडं. जेवणारा जेवढं घेतोय तेवढंच." तिसऱ्या फेरीला पोट भरलेलं असतं, तरी वाढपी पंगत सोडून जात नाही. तो तुपाची वाटी घेऊन उभा राहतो, मधूनच एक थेंब. "पहिलं वाढप पोटाला, दुसरं जिभेला, तिसरं मानाला," बाई म्हणाल्या. "तिसरं सोडलंस तर बॅटरी हळूहळू आटतीय. आणि तिसऱ्याच्या जागी पहिलं चालू ठेवलंस तर उकळतीय."

मी बल्क, ॲब्सॉर्प्शन, फ्लोट हे चार्जिंगच्या तीन टप्प्यांचे शब्द इंटरनेटवर वाचले होते. मानाचं वाढप कुठेच नव्हतं.

दुसऱ्या फेरीतच नोरीन म्हणाली, "आय'म ग्रँड." म्हणजे बास, पुरे. बाईंनी पळी थांबवली नाही. "हे ग्रँड खोटं आहे, तोंडावरचं. चार्जिंग चालू असताना व्होल्टेज बघितलंस तर बॅटरीबी म्हणती मी ग्रँड. सोडून ठेव, दोन तासांनी विचार, मग खरं कळतंय." दोन तासांनी विचारलं. नोरीनने आणखी एक वाटी भात खाल्ला. आयरिश माणूस पहिल्या दोन वेळा रीत म्हणून नाही म्हणतो, हे मला तेरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. किती लोकांना मी माझ्या घरून उपाशी परत पाठवलं असेल ते आता आठवायलाही नको.

बाईंनी कंट्रोलरचं सेटिंग बदलल्यावर दोन आठवड्यांत बॅटरी चार्ज धरायला लागली. टिकटिक सकाळपर्यंत टिकायला लागली. बाई रोज हायड्रोमीटरचा आकडा वहीत लिहायच्या आणि घरी गेल्यावर मनीषाला विचारायच्या, "येतेस का बघायला?"

"शनिवारी बघू, आई."

शनिवारी मनीषाला किराणा असायचा, नातीचा डान्सचा क्लास असायचा, किंवा नुसती झोप पुरी करायची असायची. नातही आज्जीला म्हणायची, "नेक्स्ट वीक, आज्जी, इट्स ग्रँड." बाई माझ्याकडे बघायच्या. हेही ग्रँड खोटंच, एवढं मला आता कळत होतं.

डिसेंबरच्या मध्यावर ते सगळे चार दिवस कॉर्कला गेले, सचिनच्या भावाकडे. बाईंनी शेडची किल्ली मला दिली, हायड्रोमीटर दिला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"ऐक पुणेकर. वादळ यायलंय म्हणं. शेडचं छप्पर गळतंय. नोरीनला सांग, नणंदांना आजच्या दिवस घरी ने म्हणावं. तू जाऊन आधी पॅनल सोडव आणि मग बॅटरी वाढव. क्रम चुकवायचा न्हाई. आधी पॅनल, मग बॅटरी."

मी क्रम चुकवला नाही. नोरीनने कोंबड्या गाडीत घालून आपल्या गॅरेजमध्ये नेल्या. मी पॅनलच्या तारा सोडल्या. मग बॅटरी वाढवायची. आता मी ज्या धंद्यात आहे तिथं हे रोजचंच काम. मोठा लोड येणार अशी सूचना मिळाली की आम्ही यंत्रं वाढवतो. वादळ येणार, सूर्य दिसणार नाही, तेव्हा बॅटऱ्या वाढवायच्या, ह्यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट बाईंचं कौतुक वाटलं. मी मोटारींच्या सामानाच्या दुकानातून तशीच दुसरी बॅटरी आणली आणि टॉर्चमध्ये सेल घालतात तशा दोन्ही एकापुढे एक जोडल्या. जोडल्याबरोबर कुंपणाचं यंत्र एकदा जोरात टिक म्हणालं. जोर आला, असं मला वाटलं. बाईंना फोटो पाठवणार होतो, पण माझ्या मोबाइलची बॅटरी संपली होती.

बारा आणि बारा चोवीस होतात. कंट्रोलर नव्याने जागा झाला तेव्हा त्याने समोर चोवीस व्होल्ट बघितले आणि आपल्याला चोवीसच्या घरी कामाला ठेवलंय असं मुकाट्याने मानलं. जाळीच्या यंत्राला दुप्पट मिळाले आणि ते जे एकदा टिक म्हणालं, तेवढंच. वादळ ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी नोरीनने कोंबड्या परत आणल्या. चार वाजता अंधारलं. त्याच्या पुढच्या सकाळी कोंबड्या पाच होत्या. फिलोमिना गेली होती.

बाई त्याच दुपारी कॉर्कहून आल्या आणि थेट शेडमध्ये आल्या. दोन बॅटऱ्यांकडे बघत राहिल्या.

"हे काय आहे?"

"तुम्हीच म्हणालात, बॅटरी वाढव."

त्या मोडक्या खुर्चीत बसल्या. "दुकान वाढवतात तेव्हा दुकान मोठं करतात काय रं?"

मी दोन्ही बॅटऱ्यांना जोडणाऱ्या तारेकडे बघितलं.

"नारळ वाढवला तर नारळ मोठा होतोय? बांगडी वाढवली म्हणजे काय झालं? पुण्यात शिकवत न्हाईत हे?"

शिकवतात. मला सगळं माहीत होतं. दुकान मिटवायचं म्हणायचं नाही, वाढवायचं म्हणायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही. पण बॅटरी सोडवून घरी नेण्याला कुणी बॅटरी वाढवणं म्हणत असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. बाईंच्या वर्गात 'बंद' हा शब्दच नव्हता. दिवा, मीटर, मोटार, बॅटरी, सगळं वाढवायचं. तीस वर्षांत एकाही पोराने त्याचा असा अर्थ लावला नव्हता. तो मान माझ्याकडे आला.

नोरीनने छातीवर क्रूस केला आणि म्हणाली, सहांतली एक जाणारच होती तर गेली तीच बरी. खरी फिलोमिना नोरीनच्या लग्नात पुडिंगला नावं ठेवून गेली होती म्हणे. मी हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांच्या हाताखालचं कुंपण बंद पडलं होतं.

संध्याकाळी मनीषाकडे बातमी आधीच पोचली होती. मी त्यांच्या सोफ्यावर चहा घेऊन बसलो होतो. मनीषा म्हणाली, "आई, मी सांगितलं होतं ना, कशाला हात लावू नकोस म्हणून? दुसऱ्याची कोंबडी गेली. उद्या काही मोठं झालं असतं म्हणजे?"

बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "व्हय," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं."

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं, पण त्यात मी चहा ओतला. तो कप मी पूर्ण संपवला, मनीषाने आणखी हवा का विचारलं तेव्हा अर्धा कप आणखी घेतला. हे लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते आहे.

परत जाताना दारात बाईंना म्हटलं, मी सांगतो तिला. त्या म्हणाल्या, "काय सांगणार? पोरगं चुकलं म्हणजे मास्तरनं नीट शिकवलं न्हाई. तू जा."

जळालेल्या यंत्राच्या जागी नवं नाताळामुळे महिनाभर मिळणार नव्हतं. बाईंचं विमान जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. पाच नणंदा आणि उघडं कुंपण. नोरीन म्हणाली, रेडिओ लावून ठेवू, माणसाच्या आवाजाला कोल्हा बिचकतो. त्यासाठी कंट्रोलरचा उपयोग होता. पॅनलवरचा प्रकाश गेला की त्याला संध्याकाळ कळते, आणि सांगून ठेवलं तर तेव्हा तो आपणहून दिवा लावतो. बाईंनी माझी बॅटरी काढून टाकली, पॅनल परत लावलं आणि दिव्याच्या जागी रेडिओ जोडला. पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघं लांब गाडीत बसून बघत होतो. अंधारलं, कट असा आवाज झाला, रेडिओ सुरू झाला. स्थानिक स्टेशनवर त्या वेळी गावातल्या मयतांची नावं वाचतात. कोल्हा आला, जाळीबाहेर बसला आणि सगळी यादी शांतपणे ऐकून गेला.

"ह्याला दरारा पाहिजे," बाई म्हणाल्या. "मी बोलतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडमध्ये उभं राहून माझ्या मोबाइलवर तास घेतला. पूर्ण चाळीस मिनिटांचा. विषय: चार्ज कंट्रोलर, रचना व कार्य. एक हात पाठीमागे, दुसऱ्या हातात खडू, समोर श्रोते म्हणून नोरीन आणि पाच नणंदा. हजेरी झाली. मागच्या बाकावरच्या कुणा कांबळेला दोनदा उभं केलं. आवाज असा की शेडच्या पत्र्याला कंप सुटला. मी ते एका लहान स्पीकरमध्ये भरलं, वीज मिळाली की पहिल्यापासून वाजणाऱ्या. त्या संध्याकाळपासून ल्यूकनच्या त्या शेतात अंधारलं की कट असा आवाज व्हायचा आणि चौगुलेबाई म्हणायच्या, "बसा खाली. गडबड नको." कोल्हा पुन्हा आला नाही. वायरमनच्या वर्गातून पळून जाणारा तो काही पहिला नसणार.

निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी मनीषाला शेवटचं विचारलं. मनीषाची शिफ्ट होती. बाई एकट्याच शेडमध्ये गेल्या, हायड्रोमीटरचा आकडा लिहिला आणि वही खिळ्याला अडकवून आल्या.

त्या गेल्यावर दहा दिवसांनी मी मनीषाच्या दारात उभा राहून सगळं सांगितलं. दुसरी बॅटरी मी आणली, मी जोडली, त्यांनी ती सोडवून ठेवायला सांगितली होती. 'वाढव' ह्या शब्दाशी आल्यावर मनीषा हसली आणि हसता हसता थांबली.

"मग ती बोलली का नाही?"

मी बाईंचं दारातलं वाक्य तसंच सांगितलं. मनीषाने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नवं यंत्र बसवायला मी शेतावर गेलो होतो. ते बसलं, टिकटिक सुरू झाली. आता स्पीकर काढतो म्हटलं, तर नोरीनने हात आडवा घातला. त्या आवाजाशिवाय नणंदा खुराड्यात जात नाहीत, असं तिचं म्हणणं. तेवढ्यात मनीषाची गाडी आली. कारखान्याचं ओळखपत्र अजून गळ्यात होतं. तिने पॅनल बघितलं, बॅटरी बघितली, खिळ्याची वही काढून पानं उलटली. जवळजवळ तीन महिन्यांचे आकडे, एकही दिवस गाळलेला नव्हता. कॉर्कच्या चार दिवसांपुढे 'गैरहजर' असं लिहिलं होतं.

अंधारलं. कट असा आवाज झाला. बाईंनी सर्वांना खाली बसवलं, हजेरी घेतली, कांबळेला उभं केलं. मनीषा कोटाच्या खिशात हात घालून उभी होती. वाढपी आला, पंगत बसली, पोटाचं, जिभेचं, मानाचं वाढप झालं. मग बाई थांबल्या आणि विचारलं, "कळलं का?"

पुढे सात-आठ सेकंदांची शांतता आहे. वर्गाने उत्तर द्यावं म्हणून बाईंनी सोडलेली. रोज ती तशीच जायची.

"कळलं, आई," मनीषा म्हणाली.

"खोटं बोलू नका," स्पीकरमधून बाई म्हणाल्या. "परत सांगतो."

मनीषाने इकडेतिकडे बघितलं, एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली.